चौथ्या खोलीची घंटा

पाराबाई कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान लिहून घेत. सफरचंदांच्या आणि नासपतींच्या सहा खोल्या एका लांब बोळाच्या कडेने ओळीने होत्या. दर तासाला प्रत्येक खोलीत जायचं, भिंतीवरचा आकडा बघायचा, वहीत उतरवायचा, बाहेर यायचं. तेरा वर्षं हेच काम. खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं होतं. हमालांनी पाराबाई म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. कधी आवाज चढला की कुणीतरी हळूच म्हणे, "आज पारा वर आहे," आणि आपापली पेटी उचलून सटके. पण तो फारसा चढत नसे. अंगात दोन स्वेटर, कानाला रुमाल, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात, अशी ती बाई.

खोल्या गार ठेवणारा अमोनिया छताखालच्या नळ्यांतून फिरत असे. नळीत असेपर्यंत कुणाला त्याची आठवणही होत नसे, पण बाहेर आला तर डोळे आणि छाती दोन्ही जाळतो. म्हणून वर्षातून दोनदा कवायत होई. ती यंत्रघरातला म्हातारा यंत्रवाला घेई. त्याच्या छातीतूनही यंत्रासारखाच आवाज येई, म्हणून सगळे त्याला घरघरकाका म्हणत. तो बोळातली घंटा वाजवायचा आणि सगळ्यांकडून घोकून घ्यायचा: वास आला की बाहेर, बाहेर आलं की दार. दार लावलं की वायू एकाच खोलीत कोंडला जातो आणि बाकीची माणसं वाचतात. पाराबाईंनी ही कवायत पंचवीसएक वेळा केली असेल. पुढे पुढे तर विचार करावाच लागत नसे. पाय आपोआप चालू लागत आणि हात दाराच्या दांड्यावर जाई.

ज्या दिवशी खरंच तसं झालं, त्या दिवशी जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. पाराबाई चौथ्या खोलीत आकडा बघत होत्या आणि हमालांचा मुकादम मागच्या रांगेत पेट्या तपासत होता. छताकडे कुठेतरी फस्स झालं. पुढच्या श्वासाला नाकात सुया टोचल्यासारख्या वाटल्या. मुकादम ओरडला, "निघा, निघा, मी आलोच." पाराबाई निघाल्या. डोळ्यांना धारा लागलेल्या, घशात आग, भिंत चाचपत त्या बोळात आल्या, वळल्या, दार ओढलं आणि दांडा खाली केला.

मुकादम आतच होता.

सहा-सात मिनिटांनी घरघरकाका तोंडाला मुखवटा लावून आत शिरला आणि मुकादमाला फरफटत बाहेर घेऊन आला. मुकादम जगला. दोन महिने दवाखान्यात होता. घरी आला तेव्हा एक जिना चढताना त्याला दोनदा बसावं लागत होतं. पाराबाईंना कुणी दोष दिला नाही. त्यांनी नियमाप्रमाणेच केलं होतं आणि चौकशीला आलेल्या साहेबांनी तसं लिहूनही घेतलं.

पण पाराबाईंना जे आठवत होतं, ते चौकशीत आलंच नव्हतं. प्रत्येक खोलीत आतल्या बाजूला, दाराजवळ एक लाल बटण असतं. कुणी आत अडकलं तर ते दाबायचं, म्हणजे बाहेर दारावरची घंटा वाजते. पाराबाईंना आठवत होतं की दांडा खाली केला आणि डोक्यावर ती घंटा वाजायला लागली. म्हणजे मुकादम आतून बटण दाबत होता. आणि आपण दांड्यावर हात ठेवून नुसत्या उभ्या होतो. घंटा वाजतच होती, आणि आपण दार उघडलं नाही. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. नवऱ्यालाही नाही.

तीन आठवड्यांनी त्या घरी भाजी चिरत होत्या. दाराची बेल वाजली. बाहेर दूधवाला होता, रोजचाच. पण पाराबाईंच्या हातातून सुरी सुटली, आणि त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात अमोनियाचा वास आला. भास होतोय असं त्यांना वाटलं नाही. घसा खरंच जळला, डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्या ओट्याला धरून खाली बसल्या आणि खोकत राहिल्या. नवरा धावत आला, त्याने खिडक्या उघडल्या, नाक वर करून हुंगलं. त्याला कसलाच वास येत नव्हता.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याचं काम करी. काही बिघडलं की बिघडलेला भाग काढून टाकायचा, ही त्याची सवय. त्याने बेलची वायर काढून टाकली आणि दारावर कागद चिकटवला: कृपया कडी वाजवा. त्या दिवशी पाराबाईंना फार बरं वाटलं. मग फोन मुका झाला. मग रस्त्यावरच्या सायकलच्या घंटीने अंगावर काटा येऊ लागला, म्हणून रस्त्याकडची खिडकी बंद झाली. शेजारच्या घरात घड्याळाचे टोले पडत, म्हणून कानात कापसाचे बोळे आले. फरशी पुसायच्या औषधाचा वास थोडा उग्र होता, तेही गेलं. एखादी गोष्ट टाळली की लगेच जीव भांड्यात पडे, आणि म्हणूनच पुढच्या वेळी त्या आणखी लवकर टाळत. कामावरची रजा वाढत गेली. दहा महिन्यांत पाराबाईंचं जग दोन खोल्या आणि एक न्हाणीघर एवढं उरलं. भीती मात्र कमी झाली नव्हती. घरात घंटा नसली तरी आता कधीही वाजेल, या धाकात त्या दिवसभर दाराकडे कान लावून बसत.

नणंद भेटायला आली तेव्हा तिने बराच वेळ पाहून घेतलं. मग म्हणाली, "वहिनी, मी दोनदा कडी वाजवली, एकदा हाक मारली. तुम्ही कानात बोळे घालून किती दिवस काढणार?" पाराबाईंनी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. नणंद जाताना भावाला बाजूला घेऊन बोलली. नवऱ्याने मान हलवली. पण पुढे काही झालं नाही. घरात सगळे दबक्या पावलांनी वावरत आणि त्यालाच काळजी घेणं समजत.

शेवटी शाळेतून निरोप आला. पाराबाईंची लेक तिसरीत होती. वर्गशिक्षिकेने आई-वडील दोघांना बोलावलं होतं, पण पाराबाईंना शाळेच्या नावानेच घाम फुटला. शाळा म्हणजे दर पाऊण तासाला घंटा. नवरा एकटाच गेला. परत आला. त्याने चप्पल काढली, पाणी प्यायला, आणि मग सांगितलं.

मधल्या सुट्टीची घंटा वाजायच्या आधीच लेक बाकाखाली जाऊन बसते. दोन्ही हात कानांवर, डोळे घट्ट मिटलेले, आणि खोकते. महिनाभर चालू आहे. आधी मुलं हसत, आता तीही घाबरतात. शिक्षिकेने शाळेच्या डॉक्टरांना दाखवलं, छाती स्वच्छ आहे. सर्दी नाही, काही नाही.

पाराबाईंनी लेकीला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं की तिला कसला वास येतो का. लेक म्हणाली, वास नाही येत.

"मग खोकतेस कशाला?"

"घंटा वाजली की तू खोकतेस ना," लेक म्हणाली. "मग तुला काहीतरी होतं. म्हणून मी आधीच खाली बसते."

 कोल्ड स्टोरेजच्या त्या खोलीत ही पोर कधी गेली नव्हती. अमोनिया कसा असतो तेही तिला माहीत नव्हतं. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, ती फक्त दहा महिने आईच्या तोंडाकडे बघत होती. त्या क्षणी पाराबाईंना चौथ्या खोलीत वाटली त्याहून जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःहून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मला कुणाकडे तरी घेऊन चला."

सरकारी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर एक समुपदेशक बाई बसत. जाडजूड, नाक सदा चोंदलेलं, आणि टेबलावर रुमालांचा ढीग. पाराबाईंना वाटलं होतं की त्या गोळ्या देतील किंवा मन घट्ट करा म्हणतील. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. घंटा आणि वास एकदाच एकत्र आले, पण जिवावर बेतलेल्या वेळी आले. म्हणून शरीराने त्यांची गाठ पक्की बांधली, असं त्यांनी समजावलं. आता घंटा ऐकली की शरीर वायूची वाट बघत नाही, आधीच खोकायला लागतं. शरीर मूर्ख नाही. ते फार पटकन शिकलंय, एवढंच. आणि प्रत्येक वेळी तुम्ही पळून जाता, म्हणून घंटेनंतर काहीच होत नाही हे त्याला कधी कळतच नाही.

"मग काय करायचं?" पाराबाईंनी विचारलं.

"त्याला ते कळू द्यायचं. घाबरतच."

पहिल्या दिवशी बाईंनी टेबलावर फक्त घंटीचं चित्र ठेवलं. पाराबाईंनी खुर्ची मागे सरकवली. पण त्या वीस मिनिटं चित्राकडे बघत बसल्या, आणि वीस मिनिटांनी भीती थोडी ओसरली. पुढच्या आठवड्यात खरी घंटी, फडक्यात गुंडाळलेली, न वाजणारी. मग तीन दारं पलीकडून एकदा वाजवलेली. मग दोन दारं पलीकडून. प्रत्येक वेळी घसा जळे, तो वास येई, आणि पाराबाई खुर्चीचे हात आवळून बसून राहत. उठायचं नाही, कानावर हात न्यायचा नाही, एवढीच अट होती. एकदा त्या उठून जिन्यापर्यंत पळाल्या. बाई हळूहळू मागे गेल्या, शेजारी पायरीवर बसल्या, नाक शिंकरलं आणि म्हणाल्या, उद्या परत एक दार मागे जाऊ. रागावल्या नाहीत.

अडीच महिन्यांनी घंटी टेबलावर वाजली आणि पाराबाई फक्त दचकल्या. वास आला नाही. त्या दिवशी त्या नवऱ्याबरोबर घरी चालत गेल्या. मग त्यांना ताप आला आणि बारा दिवस जाणं झालं नाही. तेराव्या दिवशी घंटी वाजली आणि सगळं पहिल्यासारखं झालं, वासासकट. पाराबाई रडल्या. म्हणाल्या की एवढे दिवस पाण्यात गेले.

बाई म्हणाल्या की पाण्यात काही गेलेलं नाही. जुनी भीती पुसली जात नसते. तिच्या शेजारी दुसरी गोष्ट शिकावी लागते, आणि मधे खंड पडला की जुनी आधी उठून उभी राहते. या वेळी ती लवकर बसेल. आणि खरंच ती चार दिवसांत बसली. पण 'पुसली जात नाही' हे शब्द पाराबाईंना लागले. म्हणजे ही जन्माची सोबत. त्या घरी जाताना सारखं तेच घोळवत राहिल्या.

आणि एक ठिकाण असं होतं जिथून भीती हलतच नव्हती. डोळे मिटले की ते दार, तो दांडा आणि डोक्यावर वाजणारी घंटा. एका सकाळी त्यांनी ते सांगून टाकलं. सांगताना त्या बाईंकडे बघत नव्हत्या. मुकादम आतून बटण दाबत होता. मी ऐकत होते. मी दार उघडलं नाही.

बाईंनी हातातला रुमाल बाजूला ठेवला. मग विचारलं, "त्याला भेटलात का कधी?"

पाराबाई भेटल्या नव्हत्या. दीड वर्षात त्या मुकादमाच्या गल्लीतूनही गेल्या नव्हत्या. तो काय म्हणेल याचीच धास्ती होती. जायला आणखी तीन आठवडे लागले. नवरा बरोबर होता, पण तो खाली थांबला.

मुकादम पलंगावर उशीला टेकून बसला होता. निम्मा झाला होता. सून चहा ठेवून आत गेली. पाराबाईंना पाठ केलेलं वाक्य ऐनवेळी आठवेना.  मग पाराबाईंनी एका दमात विचारलं की तुम्ही बटण किती वेळ दाबत होता.

"कसलं बटण?"

"आतलं. घंटेचं."

मुकादमाने श्वास घ्यायला थांबून थांबून सांगितलं. तो बटणापर्यंत पोचलाच नव्हता. 'मी आलोच' म्हणून तो उलटा फिरला होता, कारण सुनेने विणलेला मफलर मागच्या खिळ्याला लटकत होता. मफलर हाताला लागला आणि डोळे मिटले. मग दार कुठे, भिंत कुठे, काही कळेना. दोन पेट्यांच्या मधे पडला, मफलर तोंडावर दाबला आणि जमिनीला नाक लावलं. बटण दाराजवळ होतं. तिथे जाता आलं असतं तर दारच बडवलं नसतं का?

"पण घंटा वाजत होती," पाराबाई म्हणाल्या. "मी ऐकली."

"घंटा तर सगळ्यांनीच ऐकली. बोळातली. काकाने वाजवली ती." त्याला खोकल्याची उबळ आली. ती गेल्यावर तो म्हणाला, "आणि काकाला सांगितलंत तुम्हीच. नाहीतर मी आत आहे हे कुणाला माहीत होतं?"

पाराबाईंना ते आठवत नव्हतं. अजिबात नाही. मुकादम थट्टा तर करत नाही ना, म्हणून त्या तिथूनच घरघरकाकाकडे गेल्या. काकाने तेच सांगितलं. यंत्राचा दाब एकदम उतरलेला दिसला, म्हणून घंटा त्याने वाजवली होती. आतलं बटण दाबलं की यंत्रघरातल्या फलकावर त्या खोलीचा दिवा लागतो, तो चौथ्या खोलीचा लागलाच नव्हता. आणि मिनिटभरात पाराबाई धडपडत यंत्रघरात आल्या होत्या, डोळे बंद, हाताने दार शोधत, आणि ओरडत होत्या की मुकादम दिसत नाही. पुढची पाच मिनिटं मुखवटा शोधण्यात आणि झडप बंद करण्यात गेली, तो उशीर त्याचा स्वतःचा, असं काका खाली बघून म्हणाला. तोही त्याविषयी पहिल्यांदाच कुणाशी बोलत होता.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं थोडं वाटलंही. पण घरी येईपर्यंत पाराबाईंना वेगळीच भीती घेरून आली. जे डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं, ते घडलंच नव्हतं. जे घडलं होतं, त्याचा डोक्यात मागमूस नव्हता. मग आणखी काय काय खोटं असेल? आणि तो मुकादम तरी, मला बरं वाटावं म्हणून तर बोलला नसेल?

समुपदेशक बाईंना त्यांनी हेच विचारलं. बाई म्हणाल्या की तेही शक्य आहे, त्याचीही ती आठवणच आहे. माणूस आठवण कपाटात ठेवून नंतर तशीच्या तशी बाहेर काढत नाही. दर वेळी ती नव्याने जुळवतो, आणि जे जास्त खुपतं ते मधोमध ठेवतो. तुम्ही दीड वर्ष रोज ती जुळवत होता. दर वेळी घंटा दाराच्या थोडी जवळ आली असेल. पण दोन माणसं वेगवेगळं बोलून एकच सांगत असतील, आणि फलकावरचा दिवाही तेच सांगत असेल, तर त्यांच्यावर थोडा विश्वास टाकून बघा. पूर्ण टाकलाच पाहिजे असं नाही.

लेकीचं लवकर सुधारलं. पाराबाई रोज मधल्या सुट्टीच्या वेळी शाळेच्या फाटकापाशी उभ्या राहू लागल्या, लेकीला वर्गाच्या खिडकीतून दिसतील अशा. घंटा होई. पाराबाईंच्या पाठीवरून घाम वाही, पण त्या जागच्या हलत नसत आणि हात वर करत. पहिले काही दिवस लेक बाकाखालून बघे. मग बाकावर बसून. महिन्याभराने तिने बघणंच सोडलं, कारण मैत्रिणी खेळायला ओढून नेत. पाराबाई तरी आणखी पंधरा दिवस जात राहिल्या.

पुढच्या हंगामाला त्या कामावर गेल्या. वही पुन्हा घेतली, पण एकट्या खोलीत जात नाहीत, कुणाला तरी दाराशी उभं करतात. कवायत बदलली. दार लावायच्या आधी मोठ्याने नावं पुकारायची, हे त्यांनी आणि काकाने मिळून कोल्ड स्टोरेजच्या साहेबांच्या गळी उतरवलं. कवायतीच्या आदल्या दिवशी पाराबाईंना जेवण जात नाही. घंटा वाजते तेव्हा कधी कधी अजूनही तो वास येतो, क्षणभर, आणि तो खरा आहे की आतला, हे त्यांना लगेच कळत नाही. त्या तशाच उभ्या राहून नावं पुकारतात.

मुकादम आता काम करत नाही. बरं असेल त्या दुपारी काठी टेकत येतो आणि फाटकाजवळच्या बाकावर बसतो. एकदा त्याने सांगितलं की तो अजून न्हाणीघराची कडी लावत नाही. सून बाहेरून ओरडून विचारते, कुणी आहे का आत, आणि तो आतून गाणं म्हणतो. पाराबाई हसल्या. खूप दिवसांनी एवढ्या मोठ्याने हसल्या. मग पाराबाई पुढच्या तासाचे आकडे घ्यायला उठल्या.